ग्रंथात नसलेलं पान

मी, श्रीमती चंद्रिका सोमशेखर तोळणुरे, वय एकाहत्तर, धंदा शेंगा चटणी, राहणार बाळीवेस, सोलापूर, हे माझं शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते आहे. शेजारी बसून कोणी सुचवत नाही आणि कोणाचा धाक नाही. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण हे वाचल्यावर माझ्या माहेरच्या माणसांना पहिली शंका तीच येणार. गुडघे गेलेत आणि रक्तात साखर आहे, पण मालमत्ता काही गुडघ्यांनी वाटायची नसते.

माझ्या वकील अंकिता मोहोळकर यांनी मला बजावलं होतं, "काकू, मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहितात. का द्यायचं, ते लिहीत नाहीत." मी म्हटलं, "का काढून टाकलं तर खाली भांड्यांची यादी उरते. ती लिहायला मी कशाला हवी?" त्यावर त्या म्हणाल्या, लिहा बापडं, कायद्याने मनाई नाही. म्हणून लिहिते.

कलम १. यापूर्वी मी केलेलं मृत्युपत्र या लेखाने पूर्णपणे रद्द समजावं. त्यात निवृत्त प्राध्यापक मल्लिकार्जुन बसवंती यांना व्यवस्थापक नेमलं होतं आणि माझी सगळी पुस्तकं त्यांना दिली होती. त्या वेळी मला या जगात त्यांच्याइतका भरवशाचा माणूस दुसरा दिसत नव्हता. आता या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक वकील अंकिता मोहोळकर राहतील.

कलम २. माझ्या धंद्याची हत्यारं, म्हणजे दगडी उखळ, लोखंडी मुसळ, शेंगा भाजायच्या मोठ्या कढया, चाळण्या आणि वजनकाटा, हे सगळं निंगव्वा हिला द्यावं. माझ्या लग्नाआधीपासून ती तोळणुऱ्यांकडे कामाला आहे आणि तिच्या हाताशिवाय या चटणीला चव नाही. "तोळणुरे चटणी" हे नावही तिने वापरावं. कोणी विचारलं तर हे कलम दाखवावं. निंगव्वाला माझी एकच विनंती आहे, मिक्सर आणू नये. आणलाच तर पिशवीवरचं माझं नाव काढावं.

कलम ३. शेतजमीन. माझ्या नावावर शेतजमीन नाही. ज्या गोष्टी नाहीत त्यांचं कलम घालत नाहीत, असं वकीलबाईंनी सांगितलं. तरी हे कलम मी ठेवते. अक्कलकोट तालुक्यात माझ्या वडिलांची जमीन होती. तिच्यात माझा धाकटा भाऊ शंकरप्पा याच्याइतकाच माझा हक्क होता. मला सगळं नको होतं. विहिरीकडचा तुकडा हवा होता. तिथली माती हलकी, शेंगा भरभरून लागायच्या, आणि माझ्या चटणीला माझ्याच रानातल्या शेंगा असाव्यात अशी माझी हौस होती. वडील गेल्यावर शंकरप्पा हक्कसोड पत्र घेऊन आला. आमच्याकडे बहिणी सही करतात, भाऊ साडीचोळी करतो, आणि सगळे मिळून जेवतात. मी म्हटलं, सही करणार नाही. तो तीनदा आला, मी तीनदा नाही म्हटलं. पुढे मी सही केली. ती का केली, हे पुढच्या कलमात आहे.

कलम ४. पुस्तकं. माझ्या घरात लोखंडी दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत. मराठी आणि कानडी मी वाचते. इंग्रजी मला येत नाही, दुकानाच्या पाटीपुरतं येतं. तरी त्यातलं एक अख्खं कपाट इंग्रजी आहे, आणि ते कसं आलं ते सांगितलं पाहिजे.

माझे यजमान सोमशेखर लिंगैक्य झाले तेव्हा मी चाळिशीत होते. लोक येत, चटणी घेत, बिचारी म्हणत आणि जात. बसवंती सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. तेही गिऱ्हाईकच. एकदा चटणी बांधून देताना मी त्यांना विचारलं, तुमच्या हातात कसलं पुस्तक आहे? त्यांनी मला बिचारी म्हटलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी ते पुस्तक घेऊन आले, पडवीतल्या लाकडी खुर्चीवर बसले आणि वाचायला लागले.

तेव्हापासून रविवारी सकाळी आमच्याकडे उखळ बंद. सर इंग्रजी वाक्य मनात वाचायचे आणि मला मराठीत सांगायचे. न्याय म्हणजे काय, राजाला कोणी राजा केलं, माणूस एकटा असताना चांगला असतो की चारचौघांत, हे सगळं मी शेंगा निवडत ऐकलं. नाटकं ऐकली, जाडजूड कादंबऱ्या ऐकल्या. त्यातल्या एका बाईने रेल्वेखाली जीव दिला तेव्हा निंगव्वा आणि मी दोघींनी त्या दिवशी जेवण केलं नाही. निंगव्वा प्रत्येक तत्त्ववेत्त्याबद्दल एकच विचारायची, "सर, त्याचं लगीन झालं हुतं का?" नाही म्हटलं की म्हणायची, "मग बरोबर हाय. बसून इचार कराय येळ घावतंय की." सर खो खो हसायचे.

आमची वाचायची एक रीत होती, ती इथे नोंदवते, कारण सगळं तिच्यावर आहे. सर सरळ सांगत सुटत नसत. दर दोन ओळींना अडत. चष्मा वर करून म्हणत, "ताई, याला मराठीत काय म्हणावं? समोरच्याला वाईट वाटेल म्हणून माणूस आपलं तोंड बंद ठेवतो, ते." मी म्हणायची, भीड. ते म्हणायचे, "भीड! वा! पुढे चला." कधी मला मराठी सुचायचं नाही, मग मी कानडी शब्द द्यायची. सर म्हणायचे, ग्रंथ मी आणतो आणि भाषा तुम्ही आणता. मला वाटे, ही पुस्तकं आम्ही दोघं मिळून वाचतो आहोत. मी कोणाच्या ओसरीवर ऐकायला बसलेली बाई नाही.

बारा वर्षांपूर्वी आम्ही एक निळ्या बांधणीचा ग्रंथ वाचत होतो. जुन्या काळच्या एका युरोपीय विचारवंताचा, न्याय आणि मालकी यांवरचा. त्याचं नाव इथे घालत नाही. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही, उगाच दस्तात नाव कशाला. शंकरप्पाचा हक्कसोडीचा तगादा चालू होता आणि मी सरांना ते सगळं सांगितलं होतं. पुढचं प्रकरण वाटणीवरच आहे असं ते आधीच्या रविवारी म्हणाले होते. मी कान टवकारून बसले. मला वाटलं, आता कळेल काय करावं. हसू नये. माझ्यासारखी माणसं असतात. पंचांचं ऐकत नाहीत, भावाचं ऐकत नाहीत, पण पुस्तकात लिहिलं असेल तर ऐकतात.

त्या रविवारी सरांनी वाचलं ते माझ्या तोंडपाठ आहे. "जे आपल्या हातून सहज सुटतं तेवढंच आपलं होतं. जे घट्ट धरावं लागतं ते आधीच दुसऱ्याचं झालेलं असतं. शहाण्याने वाटणीच्या दारात उभं राहू नये. त्या दारातून नातं आत जातं आणि हिशेब बाहेर येतो. जो मागत नाही त्यालाच मोकळा म्हणावं." वाचून झाल्यावर सरांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, "आज इथेच थांबू. यावर विचार करा, ताई."

मी केला. सोमवारी निबंधकांच्या कचेरीत जाऊन सही केली. कोणी ढकललं नव्हतं. मोठ्या माणसाच्या शब्दावर आपण काही सोडतो आहोत, असं मनात होतं. मन खरंच हलकं झालं होतं, हे मी नाकारत नाही.

पुढे शंकरप्पाने विहीर बुजवली आणि प्लॉट पाडले. मला वाईट वाटलं, पण मी ते पान मनात म्हणायची आणि गप्प बसायची. लोकांनाही ऐकवायची. बायका नवऱ्याच्या, दिराच्या तक्रारी घेऊन यायच्या. त्यांनाही मी तेच ऐकवलं आहे.

मागच्या वर्षी शंकरप्पाची मुलगी अपेक्षा, माझी भाची, राज्यशास्त्रात एम.ए. करायला सोलापुरात आली. तोच ग्रंथ तिला अभ्यासाला होता. ती मोठ्या कौतुकाने माझ्याकडे आली, "आत्या, तू वाचलायस म्हणे हे." मी म्हटलं, वाटणीचं प्रकरण काढ, आणि पुस्तक न बघता सगळं पान म्हणून दाखवलं. ती पुस्तकात बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, ह्यात असं काय न्हाय." मी म्हटलं, नीट बघ. तिने आधीचं प्रकरण पाहिलं, नंतरचं पाहिलं. "न्हाय की गं. उलटंच हाय." मग तिने एकेक शब्द लावून सांगितलं. तिला अडखळायला होत होतं, दर ओळीला थांबत होती, मला शब्द विचारत होती. त्यात होतं ते असं. आपल्या हक्काचं जो भिडेपोटी सोडतो त्याला उदार म्हणू नये. तो अन्याय करणाऱ्याचं काम हलकं करतो, आणि त्याच्यामागून येणाऱ्या दुबळ्याचं काम अवघड करतो.

तिने तो "भीड" शब्द मलाच विचारला. मी दिला. आणि मग मला आठवलं की त्या रविवारी सर एकदाही अडले नव्हते. एकही शब्द मागितला नव्हता. घडाघडा बोलले होते. अकरा वर्षं मी त्याला त्या पानाचा गुण समजत होते.

तो ग्रंथ मी माझ्या पैशाने घेतलेला. माझ्याच कपाटात होता, किल्ली माझ्या कमरेला. खरं पान घरात होतं आणि मला वाचता येत नव्हतं.

कलम ५. प्रा. मल्लिकार्जुन बसवंती. जुळे सोलापुरात त्यांचं घर आहे, तिथे मी रिक्षाने पुस्तक घेऊन गेले. ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, तेवढं त्यांच्या बाजूने लिहिते. म्हणाले, "ताई, तुम्ही कोर्टात गेला असता. भाऊ तुटला असता. शंकरप्पा माझ्याकडे आले होते, डोळ्यांत पाणी होतं. मी त्या दिवशी शब्द नाही सांगितले, आशय सांगितला."

"कुणाचा आशय?" मी विचारलं.

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "तुमच्या भल्याचा. तुम्हाला शांती मिळाली की नाही? खरं सांगा." आणि वर, "मी नसतो तर हे ग्रंथ तुमच्या घरात आले असते का?"

मी म्हटलं, "नसते आले. म्हणून तर मी तुमच्यावर विश्वास ठेवला." चहा आला होता, तो न पिता मी उठले.

यात सरांना काय मिळालं हे मी पुष्कळ शोधलं. काही नाही. सही झाल्यावर शंकरप्पाने जे जेवण घातलं त्याला सर आले होते आणि त्यांनी गव्हाची गोड हुग्गी दोनदा वाढून घेतली, तेवढंच. त्यांनी लाच घेतली असती तर बरं झालं असतं. निदान मला काही किंमत होती असं तरी झालं असतं. त्यांनी मला फुकटात फसवलं, माझी काळजी वाटली म्हणून. इतकी वर्षं ज्या बाईकडे ते शब्द मागत होते, तिला एक खरं पान पेलणार नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. जमीन भावाने घेतली त्याचं मला दुःख आहे. पण भाऊ काय, भावासारखा वागला. सरांनी माझे रविवार घेतले.

मग मी अपेक्षाला कामाला लावलं. सोमशेखर गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी सरांनी वाचलेलं मरणाबद्दलचं पान, राजांबद्दलचं, त्या रेल्वेखालच्या बाईचं, जे जे मला पाठ होतं ते सगळं तिला ताडून पाहायला सांगितलं. सगळं खरं निघालं. शब्दाला शब्द. मला वाटलं होतं बरं वाटेल. उलट तेव्हाच मी रडले. या माणसाला खरं वाचता येत होतं आणि त्याने मला जन्मभर खरं वाचून दाखवलं, फक्त मला ज्या दिवशी गरज होती तो दिवस सोडून.

तेव्हा प्रा. बसवंती यांना माझ्या मालमत्तेतून पुढीलप्रमाणे द्यावं. कलम ४ मध्ये अवतरणात लिहिलेलं पान ग्रंथात नाही, म्हणजे ते ग्रंथकाराचं नाही. माझंही नाही. ते सरांचं स्वतःचं आहे आणि चुकून माझ्याकडे राहिलं. ते त्यांना परत करावं. या कलमाची प्रत पोस्टाने पाठवावी, पोचपावती घ्यावी.

पुस्तकांपैकी मराठी आणि कानडी पुस्तकं आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावीत, इंग्रजी सगळी अपेक्षाला. सरांनी त्यातलं एखादं वाचायला मागितलं तर तिने नाही म्हणू नये. त्यांना घरात बसवावं, पाणी द्यावं आणि वाचू द्यावं. मनातल्या मनात.

कलम ६. माझा भाऊ शंकरप्पा. सहीनंतर त्याने केलेली साडी घडी न मोडता कपाटात आहे, ती त्याच्या हातात द्यावी. मी त्याला एकदाच विचारलं, सरांकडे का गेलास? तो म्हणाला, "अक्का, तू माजं ऐकत न्हवतीस, पुस्तकाचं ऐकत हुतीस. मग पुस्तकालाच सांगावं लागलं की." माझ्या भावाला कोणी मठ्ठ म्हणू नये. त्याच्यावर मी दावा केलेला नाही आणि माझ्यामागे कोणी करू नये.

कलम ७. मला आमच्या रीतीप्रमाणे माती द्यावी. तिथे कोणी भाषण करू नये, विशेषतः ज्यांना बोलायची सवय आहे त्यांनी.

कलम ८. बाळीवेशीतलं राहतं घर. ते सोमशेखर आणि मी कष्टाने घेतलं, त्यावर कोणाचा बोजा नाही. घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण या कलमाने मला फार छळलं.

अपेक्षाचं लग्न सांगोल्याच्या मुलाशी ठरलं आहे. लग्नाआधी शंकरप्पाने तिच्यापुढे तोच कागद ठेवला आहे. उरलेली जमीन तिचा भाऊ युवराज याच्या एकट्याच्या नावावर करायची आहे. गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि पडवीत बसून राहिली. "बाबा म्हणतेत, बहिणी करतातच की सही. दादा बोलंना झालाय. मी काय करू, आत्या? तू सांगशील तसं करते."

तू सांगशील तसं करते, हे ऐकल्यावर माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. करू नकोस. मी गिळलं. म्हटलं, तुला वाचता येतं, तू वाच आणि ठरव. ती चिडली. "म्हंजे तू बी सांगणार न्हाईस व्हय?" चप्पल घातली आणि गेली.

ती गेल्यावर मी वकीलबाईंना फोन केला आणि अट घालायला सांगितली. घर अपेक्षाला द्यावं, पण तिने हक्कसोडीवर सही केली तर घर वाचनालयाला जावं. त्यांनी चांगल्या भाषेत मसुदा करून पाठवला. मी तो दोनदा वाचला. एकही खोट काढता आली नाही. तिच्या भल्याचा होता. तिचा हात धरून तिला योग्य ठिकाणी नेणारा होता. तिला आपलं आपण पेलणार नाही हे गृहीत धरणारा होता. खाली सही तेवढी माझी होती. बाकी सगळा आशय बसवंती सरांचा. 

म्हणून ती अट मी या मृत्युपत्रात घातलेली नाही. माझं राहतं घर अपेक्षा शंकरप्पा हिला बिनशर्त द्यावं. तिने सही केली तरी घर तिचं, नाही केली तरी तिचं. ती सही करून, पेढे घेऊन माझ्या दारात आली तरी तिचं. तिने सही केली तर मला फार वाईट वाटेल. हे खरं आहे, म्हणून लिहून ठेवते, पण ते कलम नाही.

येणेप्रमाणे मृत्युपत्र पुरं झालं. हा मजकूर मला कोणी वाचून दाखवलेला नाही आणि कोणी समजावून सांगितलेला नाही. मीच लिहिला, आणि खालील दोन्ही साक्षीदारांसमोर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने मीच वाचला. अडले तिथे अडले. काही गाळलं नाही, पदरचं काही घातलं नाही.

ठिकाण : बाळीवेस, सोलापूर
दिनांक : ४ नोव्हेंबर २०२५

(सही) चंद्रिका सोमशेखर तोळणुरे

साक्षीदार :

१. (सही) डॉ. सिद्धेश्वरी कुमठेकर, सोलापूर. चंद्रिकाबाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

२. (सही) जोतिराम रावजी गुंड, किराणा दुकानदार, बाळीवेस. बाईंनी आमच्यासमोर सगळं स्वतः वाचलं. कलम आठ वाचताना आवाज बसला तेव्हा मी म्हणालो, आणा इकडे, पुढचं मी वाचतो. त्यांनी कागद दिला नाही.